तारूचं ठाणं

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलंच. त्याचं नाव मात्र त्याहून फार जुनं, आणि त्या नावात एक मरण आहे. तारू हा इथल्या एका गावचा प्रमुख; ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं, असं मानतात. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला, अशी कथा आहे. लोकांनी त्याला देव मानलं. तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली आजही त्याचं ठाणं आहे.

घरातलं माणूस गेल्यावर काही कुटुंबं जंगलात जातात. गेल्या खेपेला सफारीच्या जिप्सीत पाच जण होते, यंदा चार. जंगल मनाला शांत करतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं आहे का?

ताडोब्यातली माया वाघीण हजारो पर्यटकांनी पाहिली. २०२३च्या पावसाळ्यापासून ती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये सापडलेले अवशेष तिचेच असल्याचं डीएनए तपासणीतून ठरलं. तिच्या जातीत बाहेरून आलेला नर दुसऱ्याचे बछडे मारतो आणि पिल्लं गमावलेली आई काही काळाने पुन्हा माजावर येते. याला निसर्गक्रम म्हणतात. पण नुकतंच मूल गमावलेल्या आईसमोर हा शब्द उच्चारणं क्रूरपणाचं आहे. जंगल दुःखाला उत्तर देत नाही, फक्त त्याच्याकडे लक्ष न देता चालू राहतं. काहींना तेवढ्यानेही श्वास घेता येतो, सगळ्यांना नाही.

आणि ज्यांचं माणूस मोहफुलं किंवा तेंदूपत्ता वेचायला जाऊन परतलंच नाही, त्या घरांना तर वाघ दिसणं भाग्याचं वाटणार नाही. त्यांचा प्रश्न पर्यटकाच्या प्रश्नाहून कितीतरी कठीण आहे: ज्याने आपलं माणूस नेलं, त्याच्या शेजारी राहायचं कसं?

तारूची कथा इथेच महत्त्वाची ठरते. तिच्यात वाघावर उगवलेला सूड नाही, आणि ‘होणारं टळत नाही’ म्हणून गेलेल्याला विसरणंही नाही. पूर्वजांनी मेलेल्या माणसाला एक जागा दिली, जत्रेसाठी वर्षातला एक महिना दिला. शोक करणाऱ्याला तत्त्वज्ञानापेक्षा बहुधा हेच हवं असतं: कुठे जायचं आणि कधी जायचं, हे ठरलेलं असणं. श्राद्धाची तिथीही हेच काम करते; ती दुःख संपवत नाही, वर्षातून एकदा त्याला बसायला पाट मांडते.

एक मात्र बोचतं. व्याघ्रप्रकल्पासाठी कोळसा, बोटेझरी यांसारख्या गावांचं पुनर्वसन झालं. नव्या जागी घर बांधता येतं, शेती मिळते. पण ज्या मातीत आजा-आजी आहेत, ती माती सोबत नेता येत नाही. वाघ वाचायलाच हवा. त्याची किंमत कुणी मोजली, हेही जिप्सीत बसणाऱ्यांना ठाऊक हवं.

पौषात तारूची जत्रा असते. आदिवासी कुटुंबं लहान मुलांना घेऊन थंडीत तलावाकाठी येतात. त्याच तलावात मगरी असतात, आणि वाघही तिथेच पाण्यावर येतो.