प्रपंच न सोडता संघात

कॅथलिक ख्रिस्तसभेत संन्यस्त संघाचा सदस्य होणे म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन इतर व्रतस्थांबरोबर मठात राहणे. ज्याने आधीच संसार मांडला आहे, पण असिसीचा फ्रान्सिस, डॉमिनिक किंवा आविलाची तेरेजा यांच्या वाटेने चालण्याची ओढ ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याचे स्थान कोठे, हा प्रश्न किमान आठशे वर्षे जुना आहे. मराठी मुलखाला तो परका नाही. महानुभाव पंथात भिक्षुकांच्या जोडीला वासनिक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, आहेत. वारकऱ्यांनी तर संसारी भक्तालाच मध्यभागी ठेवले. कॅथलिक परंपरेने तिसरीच वाट काढली. प्रापंचिकाला तिने संन्याशाचा केवळ शिष्य मानले नाही. त्याला त्याच घराण्याच्या वेगळ्या शाखेत घेतले, त्याच्यासाठी लेखी नियम केला, उमेदवारीचा काळ ठरवला आणि गावोगावी स्वतंत्र मंडळे उभी केली.

फ्रान्सिसच्या हयातीतच, १२२१ मध्ये, इटलीतील अशा गृहस्थांसाठी पहिला नियम तयार झाला. त्यातील अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. संघात येऊ पाहणाऱ्याने आधी लोकांचे देणे फेडावे, अन्यायाने मिळवलेले परत करावे, शेजाऱ्यांशी असलेले वैर मिटवावे. मग वर्षभर उमेदवारी. प्रतिज्ञा घेतल्यानंतर तीन महिन्यांत मृत्युपत्र करून ठेवावे, म्हणजे मागे भांडण राहणार नाही. महिन्यातून एकदा सर्वांनी चर्चमध्ये जमावे आणि प्रत्येकाने एक नाणे द्यावे, ते मंडळातल्या गरजू आणि आजारी बंधू-भगिनींसाठी. या यादीत उपवास आणि प्रार्थना आहेतच. पण दाराशी पहिली चौकशी होते ती हिशेबाची आणि भांडणांची. प्रापंचिकाची साधना त्याच्या प्रपंचातच तपासली पाहिजे हे त्या नियमकर्त्यांनी अचूक ओळखले होते.

याच नियमात आणखी एक कलम होते: कोणाविरुद्धही प्राणघातक शस्त्र बाळगू नये आणि ठरावीक प्रसंग सोडून शपथ घेऊ नये. त्या काळी इटलीची शहरे शपथेवर आणि सक्तीच्या सैनिकी सेवेवर चालत. कोष्टी, व्यापारी, सुतार अशी साधी माणसे एकाएकी लढायला नकार देऊ लागली, तेव्हा नगरसत्तांशी त्यांचे खटके उडाले आणि पोपना मध्ये पडावे लागले. मठाच्या भिंतीआड राहणाऱ्या संन्याशाने शस्त्र न धरणे समाजाला सोसते. गल्लीत राहणाऱ्या गृहस्थाने ते नाकारले की राज्यव्यवस्थेलाच प्रश्न पडतो. तिसऱ्या संघाचे खरे सामर्थ्य इथे दिसते. पहिला संघ पुरुष संन्याशांचा, दुसरा असिसीच्या क्लाराच्या मठवासी भगिनींचा आणि तिसरा हा गृहस्थांचा. पोप चौथे निकोलस यांनी १२८९ मध्ये या संघाच्या नियमाला औपचारिक मान्यता दिली. डॉमिनिकन आणि कार्मेलाइट संघांनीही पुढे अशाच शाखा काढल्या. सिएनाची कॅथरीन ही थोर संत कधीच मठवासी भगिनी नव्हती. डॉमिनिकन तिसऱ्या शाखेची सदस्य म्हणून ती घरी राहिली.

या इतिहासाचा एक धागा थेट वसईला येतो. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईत १५५६ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे शिकून ते किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. जपानी भाषा त्यांना उत्तम येत असे. संघाच्या घरात राहणे, संघाचे काम करणे, संघाच्या प्रार्थनेत बसणे, हे सगळे होते. सदस्यत्व मात्र मागूनही मिळाले नाही. अखेर त्यांनी ते घर सोडले, व्यापार केला, त्यात जम बसवला आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिसकन संघात, धर्मगुरुपद नसलेले बंधू म्हणून, प्रवेश घेतला. १५९३ मध्ये फ्रान्सिसकन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात उभे राहिले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आले. त्यात गोन्सालोंसह सहा फ्रान्सिसकन होते, तीन येशूसंघीय होते आणि उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक. फ्रान्सिसकन परंपरा या सतरा जणांना तिसऱ्या संघाचे सदस्य मानते. त्यांत सुतार होते, वैद्य होता, फ्रान्सिसकन घरात कामाला असलेली बारा-चौदा वर्षांची मुले होती. मूळ यादीत चोवीसच नावे होती. कैद्यांना क्योतोहून नागासाकीला पायी नेत असताना दोन माणसे त्यांची सेवा करीत सोबत चालत राहिली आणि पहारेकऱ्यांनी त्यांनाही पकडले. तीन येशूसंघीयांपैकी दोघे त्या संघाच्या घरातले साहाय्यक होते. त्यांना मृत्यूच्या थोडे आधी संघात घेण्यात आले. सदस्य कोण आणि सोबती कोण ही रेषा त्या वाटेवर पुसली गेली. नवव्या पायस पोपनी १८६२ मध्ये या सर्वांना एकत्रच संत घोषित केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत, म्हणून वसईत त्यांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्याबरोबरच्या सतरा प्रापंचिकांचे नाव त्या गौरवात क्वचितच येते, याची खंत वाटते.

मठ कोसळले तर प्रापंचिकांच्या मंडळांचे काय होते, हे कोकणपट्टीने दोनदा पाहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातले फ्रान्सिसकन, येशूसंघीय, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन मठ ओस पडले. गावांतले सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती मात्र आपापल्या वाड्यांत राहिले आणि आपली श्रद्धा टिकवून राहिले. गोव्यात १८३४ च्या पोर्तुगीज हुकुमाने संन्यस्त संघच बरखास्त झाले. तरी गोवा वेल्हा येथे उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघणारी संतांची मिरवणूक आजही निघते. ती फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाने सुरू केलेली आहे. जवळच्या पिलारच्या मठातले फ्रान्सिसकन गेले. संत आंद्रेच्या चर्चमधून संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन निघणारे लोक राहिले. त्या मूर्तींत तिसऱ्या संघाचे राजे आहेत, राण्या आहेत, साधे गृहस्थ आहेत. संन्याशांच्या आधाराने उभे राहिलेले मंडळ संन्याशांच्या पश्चातही उभे राहू शकते, याचा याहून ठळक दाखला या किनाऱ्यावर शोधून सापडणार नाही.

फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचा आजचा नियम १९७८ मध्ये सहाव्या पॉल पोपनी मंजूर केला. त्यामागे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेची, पावित्र्याचे बोलावणे सर्वांनाच आहे, ही शिकवण आहे. प्रवेशाची रीत साधारण अशी: आधी ओळखीचा काळ, मग किमान एक वर्षाचे शिक्षण, आणि नंतर आजन्म पाळायची प्रतिज्ञा. ही प्रतिज्ञा म्हणजे संन्याशाची व्रते नव्हेत. विवाह, नोकरी, मालमत्ता कायम राहतात. त्यांचा वापर शुभवर्तमानाप्रमाणे करण्याचे वचन दिले जाते. स्थानिक मंडळ आपला प्रमुख आणि कार्यकारिणी स्वतः निवडते. फ्रान्सिसकन संन्यासी तिथे असतो तो आध्यात्मिक साहाय्यक म्हणून. मंडळाचा मालक म्हणून नव्हे. मठाच्या कारभारात प्रापंचिकाला मत नसते हेही तितकेच खरे. दोन घरे शेजारी असावीत, जाणे-येणे असावे, पण चुली वेगळ्या, असे हे नाते आहे.

इतर संघांच्या रीती वेगळ्या आहेत. येशूसंघाने तिसरा संघ काढला नाही. १५६३ मध्ये रोममधील त्यांच्या महाविद्यालयात सुरू झालेल्या मरियाभक्त विद्यार्थ्यांच्या मंडळांतून आजचे ‘ख्रिस्ती जीवन समुदाय’ आले. डॉन बॉस्को यांच्या सलेशियन सहकाऱ्यांच्या संघाला १८७६ मध्ये मान्यता मिळाली.

व्रतस्थ आणि गृहस्थ यांनी एकाच छपराखाली राहण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुण्याने पाहिला. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि १९२७ मध्ये तो पुण्याला आणला. त्यात भारतीय आणि इंग्रज, व्रतस्थ आणि गृहस्थ एकत्र होते. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले व्हेरियर एल्विन याच संघातून गांधीजींकडे गेले. शिवाजीनगरच्या त्याच जागेत १९७२ मध्ये सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी आणि अँग्लिकन भगिनी यांनी तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवाश्रम या आश्रमाला नवे रूप दिले. वंदना माताजी आणि सारा ग्रँट ही त्यातली ठळक नावे. दोन पंथांच्या व्रतस्थ स्त्रिया आणि निरनिराळ्या धर्मांचे साधक तिथे एकाच प्रार्थनेला बसत. अशा घरात पाहुणा कोण, राहणारा कोण आणि निर्णय कोणाचा, हे रोज नव्याने ठरवावे लागते. मठ आणि मंडळ वेगळे ठेवणाऱ्या जुन्या रचनेला या प्रश्नांना सामोरे जावे लागत नाही, आणि हेच तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे.

दुसरे जॉन पॉल पोप यांनी १९९६ च्या व्रतस्थ जीवनावरील पत्रात संन्यस्त संघांशी जोडलेल्या अशा प्रापंचिक सहभागी सदस्यांचे स्वागत केले, आणि त्यांना योग्य शिक्षण मिळावे, तसेच संघाची ओळख पुसली जाऊ नये, असेही बजावले. हा इशारा दोन्ही बाजूंना लागू आहे. संन्याशांची संख्या घटली की प्रापंचिकांना शाळा, दवाखाने चालवायला बिनपगारी हात म्हणून बोलावण्याचा मोह होतो. तसे करणे म्हणजे १२२१ च्या नियमाशी प्रतारणा आहे. त्या नियमाने गृहस्थाला मठाच्या कामासाठी बोलावले नव्हते. त्याच्याच दुकानात, घरात आणि गल्लीत वेगळे जगण्यासाठी बोलावले होते.

प्रतिज्ञा व्यक्तीबरोबर जाते, मंडळ मात्र गावाचे असते. वसईचा कोणी तिसऱ्या संघाचा सदस्य नोकरीनिमित्त दिल्लीला गेला आणि पहाडगंजात राहू लागला, तर त्याची प्रतिज्ञा तशीच राहते. त्याने तिथले मंडळ शोधून त्यात आपले नाव वर्ग करून घ्यायचे असते. जवळ मंडळ नसेल तर नवे उभे करता येते. त्यासाठी आजन्म प्रतिज्ञा घेतलेले किमान पाच सदस्य लागतात आणि बिशपांची लेखी संमती लागते. मात्र १९८३ च्या धर्मविधानानुसार, त्या संघाचा मठ बिशपांच्या संमतीने तिथे आधीच स्थापन झालेला असेल, तर त्या मठात किंवा त्याला जोडलेल्या चर्चमध्ये मंडळ सुरू करण्यासाठी तीच संमती पुरेशी ठरते.