गांडुळांचा हिशेब

आगरदांड्याच्या आमच्या घरात गेल्या वर्षी एक परदेशी पाहुणा आला. पुतण्याने मुंबईहून एसटीत मांडीवर पिशवी सांभाळत आणलेला ॲक्सोलॉटल. मेक्सिकोतील सोचिमिल्को तलावाचा हा मूळ रहिवासी बेडकाचा दूरचा भाऊबंद, पण तो जन्मभर पाण्यातच राहतो. त्याचे कल्ले डोक्यामागे पिसांसारखे फुललेले असतात. आज मूळ ठिकाणी तो नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि जगभरच्या काचेच्या पेट्यांत मात्र हजारोंनी आहे.

त्याचे आवडते खाणे गांडूळ. शेतातली काढावीत तर भातावर फवारलेले औषध त्यांच्यातून याच्या पोटात जाण्याची भीती. म्हणून परसात माडाखाली भोके पाडलेल्या क्रेटमध्ये आम्ही गांडुळेच पाळली. खाली नारळाची सोडणे, वर जुने शेण, पालापाचोळा आणि भाजीची साले. लिंबू, कांदा आणि मिठाचे अन्न वर्ज्य. खतासाठी वापरतात ती तांबडी गांडुळे उग्र पिवळा रस सोडतात, म्हणून ती धुऊन द्यावी लागतात. तरीही पाहुणा कधी कधी थुंकून टाकतो.

एकदा गांडूळ मोठे म्हणून पुतण्याने त्याचे दोन तुकडे केले. "दोन्ही जगतात ना?" असे त्याने विचारले. जगत नाहीत. डोक्याकडचा भाग कधी तगतो, शेपटीकडचा मरतो. अम्मी हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "याला तू नाव ठेवलंस, त्याला सुरी. दोघेही तुझ्याच घरचे ना?"

या प्रश्नाने आम्हाला अडवले. तसे आम्ही खाडीकाठची माणसे. गरीला गांडूळ लावताना इथे कुणाचा हात थरथरत नाही. पण तिथे घरच्यांच्या पोटाचा प्रश्न असतो, इथे आमच्या हौसेचा. पुतण्याचे उत्तरही खोटे नव्हते. तो म्हणाला, "चाचा, हौस आपली असेल, पण त्याची भूक तर खरी आहे."

मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याला ठाऊक आहे. तिने मांजराला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजराने किडे खाणे हा त्यात गुनाह नाही. गुनाह आहे तो कोंडून उपाशी ठेवण्याचा. मोकळ्या जनावराचे रिज्क त्याचे ते शोधते. आपण दार लावले की ती जिम्मेदारी आपल्यावर येते, आणि त्या रिज्कासाठी जाणारे जीवही आपल्याच हिशेबात येतात. बाजारातून डबा आणला असता तर हा हिशेब झाकलेला राहिला असता. क्रेटने तो परसात आणून ठेवला.

गांडुळाला आपल्यासारखी वेदना होते काय, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण बोट लागताच ते वळवळते, हे कुणालाही दिसते. शंका असेल तेव्हा रहमकडे झुकावे, एवढे आपल्या हाती आहे. म्हणून आम्ही ठरवले, तुकडे करायचे नाहीत. तोंडात मावेल एवढे लहान गांडूळ निवडायचे आणि गरजेपेक्षा एकही जास्त काढायचे नाही. उन्हात क्रेट वाळू द्यायचा नाही. खाद्य म्हणून पाळलेला जीवदेखील जिवंत आहे तोवर अमानतच आहे.

मोठी चूक मात्र त्याआधीचीच होती. या प्राण्याला सोळा-अठरा अंशांचे गार पाणी मानवते. कोकणच्या मे महिन्यात वीज गेली की आम्ही गोठवलेल्या बाटल्या पेटीत सोडत बसतो. खाडीत सोडावा तर खाऱ्या पाण्यात मरेल, विहिरीत सोडावा तर तिथल्या बेडकांना नवा रोग देईल. दहा-पंधरा वर्षे जगणारा हा जीव आणताना यातले काहीच आम्ही विचारले नव्हते. गांडुळाचा प्रश्न अम्मींनी तरी विचारला. पाहुण्याचा कुणीच विचारला नाही.

पुतण्याला आता जोडीला दुसरा हवा आहे. आम्ही नाही म्हटले. आहे त्याला शेवटपर्यंत सांभाळू, पण पुढच्यासाठी दार उघडणार नाही. तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात पाहिले तर तो क्रेटवर पाणी शिंपडत होता. पेटीकडे तो त्यानंतर गेला.