एक बाप्तिस्मा व दोन पंक्ती



गेल्या रविवारी नेवासे तालुक्यातील एका जुन्या उपासनामंदिरात बालकाच्या बाप्तिस्म्यास हजर राहण्याचा सुयोग आम्हांस लाभला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाणे केले. पुढे ज्या खेड्यांत ते कार्य पसरले, त्यांपैकी हे एक. भिंती दगडी, वर पत्रा, आणि घंटेचा दोर पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी काळा पडलेला.

पितळी भांड्यातील पाणी गावविहिरीचे आहे, हे बाळाच्या पणजीबाईंनी आम्हांस मुद्दाम सांगितले. त्यांच्या बाळपणी त्या विहिरीच्या पायऱ्या त्यांच्या आईस बंद होत्या; कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरावयाची. १९२७ साली ज्या पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांस महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, तसलेच हे पाणी. ते बाळाच्या मस्तकावर पडले तेव्हा बाळ रडले, आणि पणजीबाईही रडल्या. मग सर्व मंडळी उभी राहिली व या लेकरास आपले म्हणून वाढवू, असे तिने मोठ्याने कबूल केले.

ही कबुली दिल्यास अर्धा तासही लोटला नसेल. अंगणात भोजनास दोन पंक्ती बसल्या. कोणी बसविल्या नाहीत, आपोआप बसल्या. दोन निरनिराळ्या वाड्यांतून प्रभूकडे आलेली कुळे, ती दोहों अंगांस. पलीकडची काही मंडळी तर "घरी पाहुणे आहेत" म्हणून न जेवताच निघाली. इतक्या घरी एकाच दिवशी पाहुणे यावे, हे नवलच!

अंत्युखियात पेत्राने हेच केले होते. तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून माणसे येताच भिऊन मागे सरला. पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला, आणि गलतीकरांस लिहिताना ती गोष्ट झाकली नाही. वाचकहो, पेत्रास तत्त्व ठाऊक नव्हते काय? पूर्ण ठाऊक होते. उपदेश करताना तो चुकला नाही, पानावर चुकला. आमच्या मंडळ्यांचेही असेच आहे. वेदीपुढे आम्ही एक. सोयरिकीच्या वेळी, पंक्तीच्या वेळी, स्मशानातील जागेच्या वेळी आम्हांस वाडा आठवतो. विहिरीवर आमच्या आज्यांस ज्यांनी अडविले त्यांस आम्ही बोल लावतो, तो रास्तच आहे. परंतु आमच्याच अंगणात त्या लेकराचे अन्न टाळून उठणारे हात कोणाचे?

आम्हांस मानाचे पान पहिल्या पंक्तीत मांडले होते. ते उचलून आम्ही बाळाच्या आजोबांशेजारी जाऊन बसलो. पण खरे सांगावयाचे तर हे सुचेपर्यंत भात निवून गेला होता, आणि पणजीबाई आमच्याकडे बराच वेळ पाहत होत्या.