909 वरचा आवाज

नोकरीसाठी फ्रान्सिसटाउनला आलो, बोत्स्वानाच्या झिम्बाब्वेकडच्या टोकाला, तेव्हा मिडियम वेव्हचं वेड सोबत होतंच. तुमच्या फोनमध्ये ही पट्टी नसते, असलाच तर एफएम. दिवसा मिडियम वेव्ह आसपासचीच ऐकू येते, कारण आयनांबरातला डी नावाचा थर तिला शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परततात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरचा माणूस तुमच्या खोलीत बोलायला लागतो.

आफ्रिकेत स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवलेली असतात. 900, 909, 918. मी रोज रात्री वहीत नोंदी करायचो. या छंदात सिन्पो नावाची पद्धत आहे. सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, खरखर, लहरींची चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. तो माणूस काय म्हणाला, याला रकाना नाही. कार्यक्रमाच्या तपशिलात मी ‘पुरुष बोलतो, मग गाणं’ एवढं लिहायचो. स्टेशनकडून पोचपावतीचं कार्ड मिळवायला बहुतेकदा तेवढं पुरायचं.

909 वर मात्र माझा राग होता. सेलेबी-फिक्वेजवळच्या व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या मनोऱ्याचा आवाज इतका दांडगा, की शेजारची दुबळी स्टेशनं त्याखाली चिरडायची. मी तिथून काटा झटकन पुढे न्यायचो.

एका रात्री आमच्या बिल्डिंगचे वॉचमन दारापाशी उभे राहिले. म्हातारा माणूस, बुलावायोकडचा. मी त्यांना ‘बाबा’ म्हणायचो. नदेबेलेतही वडीलधाऱ्याला बाबाच म्हणतात, त्यामुळे जिभेला काही नवं शिकावं लागलं नव्हतं. म्हणाले, “जरा मागे घ्या ना, रा. होतं तिथेच.”

तो ‘स्टुडिओ सेव्हन’ होता. 2003 पासून झिम्बाब्वेसाठी शोना, नदेबेले आणि इंग्रजीत बातम्या देणारा कार्यक्रम. बाबा उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले, मान खाली घालून. मध्येच एकदा हसले. कशाला, ते मला कळलं नाही. नंतर म्हणाले, गावाकडे बायको हेच ऐकते, पण आवाज बारीक करून. 2013 च्या निवडणुकीआधी झिम्बाब्वेच्या पोलिसांनी काही प्रकारचे रेडिओ बाळगण्यावरच बंदी घातली होती, तेव्हापासूनची सवय.

“अमेरिकेचा पैसा आहे, बाबा,” मी उगाच शहाणपणा केला.

“माहीत आहे. पण आमची बातमी दुसरं कोण सांगतं?”

त्यानंतर वही उघडली की अडखळायला व्हायचं. परक्याचं बोलणं नुसतं पकडायचं, समजून घ्यायचं नाही, यात कुणाचं नुकसान काय? काहीच नाही, असं मी स्वतःला सांगायचो. मी हेर नाही, कुणाला काही विकत नाही. तरी गल्लीतल्या भांडणाचा आवाज किती डेसिबल होता एवढंच टिपून घेणाऱ्या माणसासारखं वाटायचं. भाषा येत नाही ही सबब खरी होती. पण विचारायला बाबा रोज दाराशी होते, आणि तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारने व्हॉइस ऑफ अमेरिकाचं प्रसारण गुंडाळायला घेतलं. एका रात्री काटा 909 वर आणला तर नुसती खरखर. आणि खरखरीच्या तळाशी, फार दूर, कुणीतरी बोलत होतं. वर्षानुवर्षं झाकलेलं स्टेशन! छाती धडधडली. पेन उचललं, वेळ लिहिली, सिग्नलला 2 दिले.

मग दारावर टकटक झाली. बाबा विचारत होते, आज आवाज का येत नाही.