परसातील सापळा आणि अहिंसेचा विवेक

माळव्याच्या काळ्या भूमीत सोयाबीनचे पीक आता सर्वपरिचित आहे; परंतु त्याच्या कोवळ्या, हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाण्याची जपानी रीत आपल्याकडे नवीच. तिकडे या शेंगांना ‘एदामामे’, म्हणजे फांदीवरचे दाणे, असे म्हणतात. परसात त्यांच्या चार-दोन ओळी लावणाऱ्या गृहस्थापुढे मात्र लवकरच एक धर्मप्रश्न उभा राहतो. पाने कुरतडणाऱ्या अळ्या व रस शोषणारी पांढरी माशी यांना सापळा लावून मारणे अहिंसेला धरून आहे काय?

गृहस्थाश्रम सर्वथा अहिंसक नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीने चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही घरातील पाच वधस्थाने सांगून त्यांच्या दोषक्षालनार्थ पंचमहायज्ञ नेमून दिले. वनपर्वातील धर्मव्याधही कौशिक ब्राह्मणास सांगतो की, नांगराखाली पुष्कळ जीव मरतात. तेव्हा हिंसा घडते की नाही, हा प्रश्न नव्हे. ती गरजेपुरती आणि जाणतेपणाने घडते की नाही, हा खरा प्रश्न होय.

कित्येकांना सापळ्यातील कपट खटकते. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल ठेवलेली असते; त्या ओढीने नर पतंग येतो व अडकतो. अशा गंधद्रव्याचे रहस्य जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी 1959 साली सुमारे 5 लाख रेशीम-पतंगांच्या साहाय्याने प्रथम उलगडले. ही फसवणूक खरी. पण जेथे विश्वास दिला, तेथेच विश्वासघात संभवतो. आमच्या मते दोष कपटात नसून अविवेकात आहे. कामगंध मुख्यत्वे एकाच जातीला बोलावतो. रात्रभर जळणारा दिवा मात्र शत्रुमित्र जाणत नाही. आणि पिवळ्या चिकट पट्टीवर पांढऱ्या माशीबरोबर किडी खाणारे ढालकिडे व इवल्या परोपजीवी गांधीलमाश्याही प्राण सोडतात. ज्यांनी आपले काही खाल्ले नाही, त्यांचा हा वध होय.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. सापळा आपल्या दृष्टीआड मारतो, म्हणून मन निबर होते. शिवाय एक नर अनेक माद्यांशी संग करीत असल्याने केवळ नर पकडून कीड संपत नाही. परसातील कामगंध सापळ्याचे खरे काम इशारा देण्याचे. पतंग दिसू लागले की पानांच्या खालची बाजू पाहावी. तंबाखूवरील अळीची मादी तेथे केसांनी झाकलेला अंडीपुंज घालते, आणि बाहेर पडलेल्या अळ्या प्रारंभी एकत्र राहून पानाची जाळी करतात. ते एक पान वेळीच खुडले तर शेकडो अळ्या जातात व विषाची फवारणी टळते. हीही हिंसाच, पण ती मोजकी आहे आणि तिचा कर्ता ती पाहत असतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, सापळा लावणाऱ्याने तो रोज पाहावा. पट्टीवर मित्रकीटक अधिक दिसल्यास ती काढावी. दिवा रात्रभर ठेवू नये. सोयाबीनचे झाड थोडी पाने गेली तरी शेंगा धरते. तेवढी पाने किड्यांना खुशाल खाऊ द्यावीत. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ, म्हणजे इतर जीवांचा वाटा काढून ठेवणे, तो परसातही पाळता येतो.