चाकामागचा दगड

दसऱ्याच्या सकाळी लालबाग-परळच्या गल्ल्यांतून रमतगमत हिंडावे, असा माझा जुना परिपाठ आहे. वर्षभर धूळ खाल्लेल्या गाड्या त्या दिवशी न्हाऊनमाखून उभ्या असतात. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. मालक नारळ फोडतो, हात जोडतो आणि लिंबू चिरडून गाडी दोन हात पुढे नेतो. मला हे सारे आवडते. ज्या वस्तूच्या भरवशावर आपण बायकामुलांना घेऊन घराबाहेर पडतो, तिच्यापुढे वर्षातून एकदा मान लववावी, यात गैर ते काय? मात्र माळेवरून माझी नजर हळूच टायरकडे उतरते, आणि पुष्कळदा तो टायर नुकत्याच केलेल्या हजामतीसारखा गुळगुळीत दिसतो. मग मला आमच्या चाळीतले टॅक्सीवाले काका आठवतात.

काका लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहत आणि दादरहून पुण्याला टॅक्सी चालवीत. गाडी फियाट. त्या गाड्यांचे घराणे आता मुंबईतून उठले. तारदेवच्या आर. टी. ओ. मध्ये २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मुदत भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. काका त्याच्या कितीतरी आधी गेले. त्यांची गाडीची पूजा रोजची होती. पहाटे चाळीच्या नळावर बायकांची गर्दी व्हायच्या आत ते फडके खांद्यावर टाकून खाली उतरत. इंजिन थंड असतानाच तेलाची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा बुडवून तेल कुठवर आले ते पाहायचे. मग रेडिएटरचे पाणी, मग ब्रेकचे तेल, मग एकेका टायरवरून हात फिरवायचा. शेवटी डिकी उघडून स्टेपनीची हवा बघायची. स्टेपनीचा मान मोठा. "चार चाकं पोटासाठी, पाचवं अब्रूसाठी," असे ते म्हणत.

१९७८ च्या मे महिन्यात माझ्या आतेबहिणीच्या लग्नाला आम्ही त्यांच्याच टॅक्सीने पुण्याला निघालो. खोपोली मागे पडली, घाट लागला. शिंगरोबाच्या देवळापाशी काकांनी रिवाजाप्रमाणे नाणे टाकले. पुढे चारदोन वळणे चढतो न चढतो तोच तापमानाचा काटा वर सरकला. काकांनी गाडी डाव्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला आणि उतरून एक चांगला शेर-दोन शेराचा दगड मागच्या चाकाला लावला. माझे वडील शाळामास्तर; मुहूर्त चुकणार म्हणून ते अस्वस्थ. "अहो, झाकण उघडून पाणी ओता की पटकन!" काका झाडाच्या सावलीत बसले. म्हणाले, "मास्तर, तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. लग्न अर्धा तास थांबेल. डोळे गेले तर परत येत नाहीत."

अर्ध्या तासाने त्यांनी जाड फडके घालून झाकण जपून सैल केले, पाणी भरले आणि आम्ही निघालो. पुढच्या वळणाशी जागा रुंद होती. तिथे काकांनी गाडी पुन्हा थांबवली आणि काही न बोलता भर उन्हात मागे चालत गेले. वडील घड्याळ पाहू लागले. मी मागच्या काचेतून पाहिले: काका वाकले, तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि कडेच्या गटारात टाकला. ते घामाघूम होऊन परत आले तेव्हा वडील म्हणाले, "एवढ्यासाठी गेलात? कोणीतरी केला असता बाजूला."

"मास्तर," काका म्हणाले, "तो दगड रस्त्याचा नव्हता. माझा होता."

त्या वेळी मला या वाक्यात विशेष काही वाटले नाही. घाटातून जाताना वाटेत असे कितीतरी दगड दिसत. प्रत्येक दगडामागे कोणाची तरी सुटका झालेली असे. गाडी मागे घसरली नाही, जीव वाचला, गाडी निघून गेली. आणि वाचविणारा दगड मागून येणाऱ्याचा काळ होऊन तिथेच राहिला. रात्री, पावसात, धुक्यात त्यावर एखाद्याचे चाक चढले, तर तो मरणारा कोणाला दोष देणार? दगड ठेवणाऱ्याला तर त्याची गंधवार्ताही नसते. तो पुण्यात लग्नाच्या पंगतीला बसलेला असतो.

रस्त्यावरच्या नीतीचा विचार करताना आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो: वाटेत कोणी अडला तर आपण थांबावे की नाही? प्रश्न योग्य आहे. आणि 'पोलिसांचे लचांड मागे लागेल' ही सबबही आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला आता नावगाव सांगण्याचीही सक्ती नाही. तेव्हा थांबावे, हे उत्तर सोपे आहे. पण या प्रश्नाच्या अलीकडे आणखी एक प्रश्न उभा असतो, आणि तो आपण टाळतो. दुसऱ्याला आपल्यासाठी थांबावे लागू नये म्हणून आपण काय केले?

हा प्रश्न मला लालबागच्या उड्डाणपुलावर भेटला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरगावात बहिणीकडे जेवून आम्ही रात्री दादरला परतत होतो. मागे पत्नी आणि माझी वृद्ध सासू. पुलाच्या मध्यावर गाडीचे दिवे मंदावले, इंजिनने एक आचका दिला आणि सारे थंड झाले. खरे सांगायचे तर बॅटरीचा लाल दिवा समोर आठ दिवस लागत होता. इंजिन चालू असताना तो दिवा लागला, म्हणजे बॅटरी भरणे बंद झाले आहे आणि आपण शिलकीवर जगत आहोत, इतके मला कळत होते. पण दिवाळी तोंडावर, गॅरेजमध्ये गर्दी, बघू पुढच्या आठवड्यात! आता धोक्याचे चारी दिवे लावायला गेलो, तर तेही लागेनात. ज्या हयगयीने गाडी थांबवली, तिनेच ती काळोखात दडवलीही. लाल त्रिकोण डिकीत होता. सामानाच्या तळाशी, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेला. मी बॉनेट उघडून मोबाईलच्या उजेडात आत डोकावत बसलो. जणू काही तिथे मला काही समजणार होते!

एक टॅक्सीवाला पुढे जाऊन कडेला थांबला आणि कठड्याला धरून मागे आला. "काका, इंजिन नंतर. आधी मावशींना आणि आजींना डाव्या दारानं उतरवा. कठड्याला लागून उभं राहा, गाडीच्या पुढंमागं नको." त्याने त्रिकोण शोधून काढला आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कठड्याच्या कडेने, मागे मागे गेला. मी म्हटले, "इतका लांब कशाला?" तो हसला. पुढे घरी बसून मी हिशेब केला. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर काटते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एखाद-दीड सेकंद जातो. गाडीपासून दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण हा शोभेचा आकाशकंदील होय.

गाडी ओढून नेणारा येईपर्यंत तो अनोळखी माणूस आमच्याजवळ उभा होता. शेजारून ट्रक गेला की पूल हलायचा. जाताना त्याने सहज विचारले, "लाल दिवा केव्हापासून लागत होता?"

मी म्हणालो, "आजच."

त्याने पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर मला बरे वाटले असते. पाऊण तास तो माझ्या आठ दिवसांच्या आळसाच्या आणि भरधाव वाहतुकीच्या मध्ये उभा राहिला होता, आणि मी त्याला साधे खरेही सांगू शकलो नाही. त्या रात्री मला काकांचा दगड आठवला. माझा दगड मी पुलाच्या मध्यावर ठेवला होता, आणि तो उचलायला दुसरा कोणी आला होता.

अशा उचलायला येणाऱ्यांचे काय होऊ शकते, हे मुंबईने पाहिले आहे. ५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याचाच दिवस. पहाटे काळोखात वांद्रे-वरळी सागरी सेतूवर अपघात झालेल्या एका मोटारीच्या मदतीला रुग्णवाहिका आणि सेतूचे कर्मचारी आले होते. भरधाव आलेली दुसरी मोटार त्यांच्यात घुसली. पाच जण गेले. त्यांत मदतीला धावलेले कर्मचारीही होते. काही तासांनी शहरात झेंडूच्या माळा चढल्या. ही बातमी वाचून 'थांबूच नये' असे कोणी म्हणेल, तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. दया हवीच. पण कुठे थांबावे, कुठे न थांबता पुढे जाऊन ११२ किंवा १०८ फिरवावा, हे दयेला कळले पाहिजे. आणि ज्याच्यासाठी ती धावते, त्यानेही तिची किंमत ओळखली पाहिजे.

दया दिसते, निगा दिसत नाही. अडलेल्याला मदत करणाऱ्याचे चार लोक कौतुक करतात. टायरच्या खाचांमधल्या खुणेच्या उंचवट्यापर्यंत रबर झिजताच टायर बदलणाऱ्याला कोण हार घालणार? न घडलेल्या अपघाताची बातमी छापून येत नाही. त्यात आपल्या अज्ञानाला परंपरेचाही आधार असतो. उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असे सांगणारे शहाणे गल्लोगल्ली आहेत. खरी गोष्ट उलटी आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, दबून दबून तापतो, आणि तापूनच फुटतो. किती हवा हवी तो आकडा बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटवलेला असतो, आणि ती मोजायची टायर थंड असताना. पाच मिनिटांचे काम. त्यातही स्टेपनी आलीच.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हप्त्यांखाली वाकलेला टॅक्सीवाला गुळगुळीत टायर घेऊन फिरतो आणि माझ्यासारखा पेन्शनवाला आळसाने लाल दिवा दुर्लक्षितो, हे दोन अपराध एका मापाचे नव्हेत. त्याच्याजवळ चार टायरांचे पैसे नसतात. माझ्याजवळ फक्त फुरसत काढण्याची इच्छा नव्हती. रस्त्याला मात्र हा भेद कळत नाही, म्हणून तो आपण समजून घेतला पाहिजे. आणि ज्याला निगा परवडते त्याने तरी सबब सांगू नये.

गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम जुन्या घाटाने गेलो. चढणीच्या बाजूला तीन दगड दिसले. दोघांच्या पुढे जागा रुंद होती. गाडी कडेला घेतली, दिवे लावले, त्रिकोण ठेवला, आणि नातवाला गाडीपासून दूर उभे करून दोन्ही दगड गटारात ढकलले. तिसरा ऐन वळणावर होता. मागून गाड्यांची रांग, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. थांबलो असतो तर मीच दुसरा दगड झालो असतो. मी थांबलो नाही. लोणावळ्यात पहिला वाहतूक पोलीस दिसला, त्याला जागा सांगितली. त्याने मान हलवून वहीत लिहून घेतले.

"आजोबा, तो उचलतील ना?" नातवाने विचारले.

मी हो म्हणालो, आणि पुण्याला पोहोचेपर्यंत त्या दगडाचाच विचार करीत राहिलो.