पाचवे शील आणि दारूचा आजार

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेऊनही आपल्यातला एखादा पितो. मग आपण म्हणतो, याने शील मोडले, याला विहारात घेऊ नका. पण रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती एकाएकी तुटली की हात थरथरतात, फिट येते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. तेव्हा त्याला शपथ घालून खोलीत कोंडू नका. आधी डॉक्टर गाठा. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात, हे मला फार पटते. पुन्हा घसरला तर? पुन्हा न्यावे. पंचशील आपणही दर वंदनेला नव्याने घेतोच की.